नव्या गाण्याची मेहनत कुठे असते

मराठी कान चालीवर वाढलेला आहे. भावगीत असो, नाट्यपद असो, लावणी असो की अभंग, आपण आधी मुखडा धरतो, मग शब्द, आणि वाद्यांकडे लक्ष गेलंच तर शेवटी. म्हणून नवं काही कानावर पडलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात मुखड्याचा शोध सुरू होतो. तो सापडला नाही की निकाल लागतो: आजकालच्या गाण्यांत काही राहिलं नाही. मला हा निकाल पटत नाही. नव्या संगीतात टाकाऊ पुष्कळ आहे, ते प्रत्येक काळात होतंच. पण टाकाऊ काय आणि ठेवणीतलं काय, हे चालीच्या एकाच मापाने ठरत नाही.

प्रत्येक प्रकारात मेहनतीची जागा वेगळी असते. ख्याल गाणारा सुरावर आणि बढतीवर (राग सावकाश उलगडण्यावर) जीव ओततो. रॅप करणारा आपलं अक्षर ठोक्याच्या किती आधी किंवा किती नंतर पडतं यावर रात्री जागवतो. हाऊसचा, म्हणजे यंत्रांवर बनणाऱ्या नाचाच्या संगीताचा, निर्माता किक (खालचा दणदणीत ठोका) आणि बास (खालचे सूर) यांच्यामधल्या काही मिलिसेकंदांसाठी आठवडा घालवतो. मेटलवाल्यांची मेहनत गिटारिस्टचा उजवा हात आणि ड्रमरचे दोन पाय यांच्या एकमेळात असते. ती जागा आधी शोधायची, तिथे कान न्यायचा आणि मग आवडलं-नावडलं म्हणायचं. असं ऐकलं की वाईट गाणं नेमकं कुठे वाईट आहे हेही कळतं. माझ्या मते आज जे बिघडतंय त्यातलं बरंचसं एकाच कारणाने बिघडतं: एका प्रकारासाठी घडलेलं हत्यार दुसऱ्या प्रकारावर जसंच्या तसं चालवलं जातं.

आधी साधनांचं बोलू. फोनच्या स्पीकरवर ऐकून नव्या गाण्याबद्दल मत बनवू नये. त्यातून २००-३०० हर्ट्झच्या खालचं फार थोडं बाहेर येतं, आणि नाचाच्या संगीताचा पाया ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. महागडं सामान लागत नाही. वायरचे साधे इअरफोन पुरतात. फक्त ते कानात घट्ट बसायला हवेत, कारण रबरी टोपी सैल राहिली की बास तिथूनच गळतो आणि आपण मिक्सला (आवाजांच्या जुळणीला) नावं ठेवतो.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. एकच गाणं जरा मोठ्याने लावलं की ते जास्त चांगलं वाटतं, आणि फरक नुसत्या पातळीचा होता हे लक्षातही येत नाही. दोन गाण्यांची तुलना करायची तर दोन्ही सारख्या पातळीवर हवीत. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज समान ठेवायची सोय असते, ती चालू ठेवावी. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो याचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) गाणी आणतं, अ‍ॅपल म्युझिक उणे १६ वर, आणि यूट्यूब उणे १४ पेक्षा मोठी गाणी तेवढी खाली ओढतं. म्हणजे उणे सात किंवा आठपर्यंत दाबून भरलेलं गाणं तिथे सहा-सात डेसिबलने खाली येतं. मोठं वाटावं म्हणून केलेली दाबादाबी वाया जाते आणि तिचं नुकसान तेवढं मागे राहतं: ढोलकीची थाप बोथट, आणि गायिकेचा श्वास व तार सप्तकातला षड्ज एकाच पातळीचे. सिनेमाच्या गाण्यांत हे ओळखणं सोपं आहे. अंतऱ्यात आवाज एकटा असतो, मुखड्यावर सगळा ताफा येतो आणि तरीही गाणं तसूभर मोठं होत नाही. तिथे लिमिटरने (आवाजाला वरची मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेने) छत खाली आणलेलं असतं. चालीत दोष नसताना ते गाणं कंटाळवाणं वाटतं, आणि दोष मात्र संगीतकाराच्या माथी जातो.

खालच्या सुरांपाशी थोडं थांबायला हवं, कारण तिथे जुनं आणि नवं अगदी शेजारी बसतं. काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. फोनच्या स्पीकरला हा मूळ सूर पेलत नाही, तरी तिथेही खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो. ही जवारीची करामत. घोडीवर (तारेखालच्या आधारावर) तार हलकी घासत कंप पावते आणि मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे उपसूर भरभरून बाहेर पडतात. त्यांच्यावरून मेंदू खालचा सूर आपला आपण भरून काढतो. १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम वाजवणाऱ्या यंत्राच्या किकमध्ये असं काही नसतं. तिची शेपटी ही जवळजवळ शुद्ध, गुळगुळीत लाट. उपसूर नाहीत, म्हणून फोनवर ती नाहीशी होते. जाणता निर्माता मग त्या लाटेवर सॅच्युरेशन चढवून तिला थोडी खरखरीत करतो. उपसूर तयार होतात आणि रिक्षातल्या स्पीकरवरही बास असल्यासारखा वाटतो. मिरजेचा कारागीर घोडी घासून आणि तारेखाली दोरा सरकवून जे साधतो, तेच काम हा माणूस पडद्यावर करतो. मला या दोघांत अंतर दिसत नाही.

घरच्या घरी बीट बनवणारी मुलं इथे दोन ठिकाणी चुकतात. सॅच्युरेशन न देता नुसता बास वाढवतात, मग गाडीचे दरवाजे थरथरतात आणि फोनवर तरीही काही येत नाही. दुसरी चूक जास्त गंभीर: किक सुरात लावलेली नसते. ८०८ला स्वतःचा सूर आहे. गाणं काळी दोनमध्ये आणि किक पांढरी चारच्या आसपास, असलं प्रकरण मराठी रॅपमध्ये वारंवार ऐकू येतं. तबला सुरात लावल्याशिवाय आपल्याकडे बैठक सुरू होत नाही. किकलाही तोच नियम. पारखायचं तर गाण्याचा सा गुणगुणत राहावं आणि किकची शेपटी लांबली की ती त्या साशी भांडते का ते बघावं.

आता हाऊस. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ गाजलं. चालीच्या मापाने त्यात फारसं काही नाही. शब्द बरेचसे बोलल्यासारखेच आहेत. पण हाऊसच्या मापाने ते मला पक्कं वाटतं, कारण शब्द तिथे तालवाद्याचं काम करतात. मराठीतला दंत्य च हाय-हॅटच्या (ड्रमच्या जोडझांजेच्या) आवाजाच्या फार जवळ जातो, आणि त, ड, क ही व्यंजनं किकच्या मधल्या मोकळ्या जागांत टोकदार पडतात. हाऊस ऐकताना मुखडा शोधू नये, वेळ मोजावी. मिनिटाला १२५ ठोके असतील तर आठ बारना (एका बारमध्ये चार ठोके) १५ सेकंदांहून किंचित जास्त लागतात. दर १५ सेकंदांनी काहीतरी आत येतं किंवा बाहेर जातं: टाळी, शेकर, बासची एखादी ओळ. चांगला निर्माता काय काढायचं हे जास्त जाणतो. दुसरं, किक पडते त्या क्षणी बास थोडा मागे सरतो आणि १००-२०० मिलिसेकंदांत परत येतो. या साइडचेनवर नाच चालतो. बास परत यायला जास्त वेळ लागला की गाणं उचक्या दिल्यासारखं होतं. फार लवकर आला तर किक आणि बास एकमेकांवर चढतात आणि खाली नुसता चिखल ऐकू येतो.

अमापियानोबद्दल माझी तक्रार आहे, मूळ संगीताबद्दल नाही, आपल्याकडच्या वापराबद्दल. दक्षिण आफ्रिकेत गाउटेंग प्रांतातल्या वस्त्यांमध्ये गेल्या दशकात हा प्रकार वाढला. गती ११० ते ११५ च्या आसपास, हाऊसपेक्षा सावकाश. किक मागे असते किंवा नसतेच, शेकर अखंड चालतो, आणि लॉग ड्रम नावाचा तो सुरेल, पोकळ बास अपेक्षेपेक्षा उशिरा, आडवातिडवा येतो. त्या उशिराने येण्यात सगळी गंमत आहे. आपल्या हिंदी-मराठी गाण्यांत मात्र चारही ठोक्यांवर किक तशीच ठेवून वरून लॉग ड्रम टाकला जातो. मग लॉग ड्रमला उशिरा यायला जागाच उरत नाही. आवाज घेतला आणि लय तिथेच सोडली, असं ते होतं.

रॅपवर जरा जास्त लिहितो, कारण मराठीत सध्या सगळ्यांत जिवंत काम तिथे चाललंय. ९० च्या गतीला चार ठोक्यांचा एक बार पावणेतीन सेकंदांहून थोडा कमी चालतो आणि त्यात अक्षरं बसवायला १६ घरं असतात. कच्चा रॅपर सोळाही घरं भरतो. पक्का रॅपर कुठलं घर रिकामं ठेवायचं ते ठरवतो आणि महत्त्वाचा शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकतो.

मराठीची एक अडचण इथे आडवी येते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकटात जुळतं. चालतो, बोलतो, डोलतो. आलं, गेलं, मेलं. एका कडव्यात अशा आठ ओळी आल्या की कान झोपतो, कारण पुढचं यमक आधीच कळलेलं असतं. ज्यांना हे उमगलंय ते क्रियापद ओळीच्या मध्ये ओढतात आणि शेवटी नाम ठेवतात, किंवा यमक ओळीच्या पोटात घालतात. बोलीतही याचा एक उपाय आहे. अमरावतीचा १००आरबीएच, म्हणजे सौरभ अभ्यंकर, वऱ्हाडीत रॅप करतो. ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिली’ अशी लांब क्रियापदं असलेली ही बोली. जिथे प्रमाण मराठीत तीन अक्षरं होतात तिथे वऱ्हाडीत सहा येतात. म्हणजे क्रियापदातच एक छोटी लड तयार होते आणि तिच्यावर वेग घेता येतो. हे प्रमाण भाषेत ओढूनताणून करावं लागतं. कोल्हापुरी, मालवणी, अहिराणी या बोलींतही असे आपापले फायदे दडलेले असणार, आणि त्या त्या भागातल्या मुलांनी ते काढून दाखवावेत असं मला मनापासून वाटतं.

मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली एकत्र नांदवून दाखवली. आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर यांना घेऊन त्यांनी केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’ मला आजही पहिल्या रांगेतलं वाटतं. भोईरांचा आवाज त्यांनी तोंडी लावण्यासाठी वापरलेला नाही. ते गाणं त्यांचंही आहे.

रॅपमधली एक फसवणूक ओळखता यायला हवी. स्टुडिओत एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून जोडता येते. दोन ओळींच्या मध्ये श्वास कुठेच ऐकू येत नसेल आणि पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द दुसरीच्या पहिल्या शब्दावर चढत असेल, तर तो माणूस मंचावर हे एका दमात म्हणू शकणार नाही. पोवाड्यात शाहिराला श्वास घ्यायला झीलकरी (मागून सूर धरणारे साथीदार) होते, त्यांच्या ‘जी जी रं जी’वर तो पुढच्या कडव्याची तयारी करायचा. मंचावरच्या रॅपमध्ये हेच काम जोडीदार करतो, ओळीचा शेवटचा शब्द उचलून. लिहितानाच ही श्वासाची घरं आखलेली गाणी मंचावर टिकतात.

आता ज्याबद्दल मला सगळ्यांत जास्त कळकळ आहे त्या विषयाकडे येतो: सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या नोंदी तपासणारं गणित करत होते. तशाच गणिताने त्यांनी गळ्याचा सूर ओळखला. १९९८ मध्ये शेअर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ने ते उघडपणे, आवाजाचा रंग म्हणून वापरलं. सूर किती वेगाने सरळ करायचा याचं एक बटण त्यात असतं, शून्य ते ४०० मिलिसेकंद. शून्यावर ठेवलं की सुरावरून सुरावर आवाज उड्या मारतो, यंत्रासारखा. पॉप आणि ट्रॅपमध्ये (रॅपचाच एक प्रकार) गायक तो आवाज कानात ऐकत ऐकत गातो, त्याच्याशी खेळतो, मुद्दाम दोन सुरांच्या मध्ये थांबून यंत्राला चुकवतो. ते एक वाद्यच आहे आणि चांगलं वाजवलं की मला ते आवडतं.

तेच हत्यार अभंगावर आणि भावगीतावर चालतं तेव्हा काय होतं? सॉफ्टवेअरला बारा खुंट्या ठाऊक असतात. दरबारीतला कोमल गंधार घ्या. तो एका जागी उभा राहत नाही. खालून रिषभाचा स्पर्श घेत सावकाश झुलतो, आणि त्या झुलण्याच्या गतीत दरबारी ओळखू येतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हे झुलणं म्हणजे चूक. ते त्याला पकडून सरळ करतं, आणि उरतो पेटीचा कोमल गंधार. मींडेच्या, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या होतात. शुद्ध गंधाराचीही तीच गत. तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. तानपुरा एक गंधार म्हणतोय आणि दुरुस्त केलेला गळा दुसरा, अशी रेकॉर्डिंग आता सर्रास निघतात. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, फक्त गाणं कुठेतरी बोचतं.

पेटीवरून हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. मला ती बंदी अन्यायाची वाटते, कारण चांगला पेटीवाला गायकाच्या मींडेत हात उचलतो आणि मग मागून येतो. गळा मोकळा राहतो. सॉफ्टवेअर गळ्यातच बसतं. तिथे हात उचलणारं कुणी नाही.

ओळखायचं कसं? ओळीच्या शेवटचा लांब आकार धरा. मोकळ्या गळ्यात सूर लागताना खालून किंचित चढतो आणि सुटताना ढळतो. दुरुस्त केलेल्या गळ्यात तो सुरू होतो त्याच उंचीवर संपतो आणि मध्ये पत्र्यासारखी झाक येते. स आणि श सारख्या अक्षरांपाशी कधी कधी बारीक शीळ ऐकू येते. रेकॉर्डिंग करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: दोन-चार सूर खाली लागले असतील तर तेवढेच हाताने उचला, आणि उचलताना सुराचा मधला भाग हलवा, त्याची सुरुवात आणि शेवट जसेच्या तसे ठेवा. पूर्ण ट्रॅकवर प्लगइन लावून मोकळं होऊ नका. त्याहून बरं म्हणजे ती ओळ गायकाकडून परत गाऊन घ्या.

लयीचं दुखणं याच जातीचं आहे. वारकरी भजनात लय चढते. सुरुवात ठायीत (संथ लयीत), मग टाळ उचलत जातात, आणि शेवटी पखवाज दुप्पट होतो. त्या चढण्यातच भजनाचा जोर आहे. नवी अभंग-फ्यूजन गाणी बहुधा एका आकड्यावर, क्लिकवर (कानात वाजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर), बांधलेली असतात. पहिल्या ओळीला जी लय तीच शेवटच्याला. मग चढल्याचा भास व्हावा म्हणून गिटार आणि ड्रम वाढवत नेतात. लय जागची हलत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. आधी पखवाज, टाळ आणि गायक एकत्र बसवून क्लिकशिवाय रेकॉर्ड करा. मग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) खूण करत गतीचा नकाशा तयार करा आणि बाकीची वाद्यं त्या नकाशावर चढवा. पाच मिनिटांच्या गाण्याला एक दुपार जाते. यंत्र माणसाच्या मागे चालतं, आणि ते तसंच चालायला हवं.

तयार सॅम्पलचा पखवाज वापरला असेल तर तोही कानाने पकडता येतो. खऱ्या पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक ताजी लावतात. ती सुकत जाते तसा सूर चढतो आणि वादक मध्येच पाण्याचा हात फिरवतो. दोन ‘धा’ कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. सॅम्पलमध्ये तोच ‘धा’ पुन्हा पुन्हा येतो. सलग आठ ऐका, कळेल.

व्हायोलिनांचंही तसंच. २०१६च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जिवंत वाद्यवृंद रेकॉर्ड केला. तो ऐकून पुढे पुष्कळांना व्हायोलिनं हवीशी झाली. बजेट थोड्यांकडेच होतं. जिवंत ताफ्यात प्रत्येकाचा गज केसभर मागेपुढे पडतो, त्या विस्कळीतपणातून मऊपणा येतो. सॅम्पलमध्ये सगळे एकदम सुरू होतात आणि द्रुत जागी पेटीसारखे वाजतात. थोड्या पैशात यातून मार्ग निघतो: खाली सॅम्पल ठेवा आणि एका चांगल्या वादकाकडून तीच ओळ वरून दोन-तीनदा वाजवून घ्या. कान त्या एका खऱ्या गजाच्या मागे जातो.

ख्यालाची सवय असलेल्यांनी जगातलं नवं सावकाश संगीत जरूर ऐकावं. बढत ऐकण्याची तयारी आपल्याकडे आधीच आहे. विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. समेसाठी तेवढा वेळ थांबणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा २०२१चा ‘प्रॉमिसेस’ मुळीच अवघड नाही. सुमारे ४६ मिनिटांची एकच रचना, नऊ भागांची. एक छोटीशी सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि तिच्याभोवती ऐंशीच्या घरातला सँडर्स आपली वाक्यं टाकतो. मध्ये तो वाद्य बाजूला ठेवून तोंडाने पुटपुटतोही. हा अल्बम गाडीत ऐकू नये. त्यातल्या सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात फार अंतर आहे, इंजिनाच्या घरघरीखाली निम्मा भाग बुडतो.

त्याच वर्षीच्या, पाकिस्तानी गायिका आरूज आफताबच्या ‘व्हल्चर प्रिन्स’बद्दल माझं मत थोडं वेगळं पडतं. त्यातल्या ‘मोहब्बत’ला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. शब्द हफीझ होशियारपुरींचे, मेहदी हसन यांनी गाजवलेल्या गझलेचे. दोन्ही एकामागोमाग ऐकावीत. मेहदी हसन एकाच शब्दाला वेगवेगळी वळणं देतात; हरकत, मुरकी, परत येणं, सगळं गळ्यात. आरूज यातलं जवळजवळ काही करत नाही. ती ओळ सरळ, खालच्या आवाजात ठेवते आणि बाकीचं काम हार्प आणि गिटारवर सोडते. गळ्याच्या करामतीची वाट पाहणाऱ्याला ती अपुरी वाटेल. माझं मत असं की रचना म्हणून हे उत्तम आहे, पण सलग पूर्ण अल्बम ऐकताना आवाज एकाच पट्टीत राहिल्याने शब्दांचे रंग वेगळे उमटत नाहीत.

मेटलबद्दल थोडक्यात. दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडचा ‘रक्षक’ हा अल्बम २०२२ मध्ये आला. ढोल, बासरी, जड गिटार आणि हिंदी-पंजाबी-इंग्रजी शब्द. ढोल आणि जड गिटार एकाच खालच्या पट्ट्यात भांडतात, ही या मिश्रणाची मूळ अडचण. ढोल कळायला हवा असेल तर तो वाजतो तेव्हा गिटारचा खालचा भाग कापावा लागतो आणि टिपरीच्या टोकदार आवाजाला वर जागा द्यावी लागते. ढोलाला जिथे अशी स्वतःची जागा मिळते तिथे त्यांचं संगीत मला खरोखर आवडतं. गिटारच्या भिंतीमागे ढोल नुसता दिसतो, ऐकू येत नाही, तिथे नाही.

आणि रील. तीस सेकंदांच्या तुकड्यांनी शास्त्रीय संगीताचं वाटोळं केलं असं म्हणतात. कमी वेळ हा दोष मला मान्य नाही. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८च्या तबकड्यांना एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळत होती आणि तेवढ्यात राग पूर्ण उभा राहायचा. ते आधी आखून बसत: स्थायी कधी, अंतरा कधी, तान किती. आजचे तुकडे मोठ्या मैफलीतून कापलेले असतात आणि ते तिहाईपाशी किंवा तानेच्या टोकापाशी सुरू होतात. राग कुठला हे कळायच्या आत टाळ्या पडतात.

नव्या गायक-गायिकांनी तीन मिनिटांसाठीच गाणं आखावं. १६० च्या गतीच्या तीनतालात एक आवर्तन सहा सेकंदांचं, म्हणजे तीन मिनिटांत तीस आवर्तनं. दोन आवर्तनं आलापाला, मुखड्यासह, सहा स्थायीला, आठ बोल-आलापाला, मंद्रातून मध्य सप्तकात येत, चार अंतऱ्याला, आठ तानांना, पण त्यातल्या दोन तरी सरळ, रागाची वाट दाखवणाऱ्या, आणि दोन परत स्थायीला. फोन तोंडाजवळ धरू नये, हातभर लांब ठेवावा, नाहीतर तार षड्जाला आवाज फाटतो. तानपुरा फोनपासून जरा मागे, पण ऐकू येईल इतका. आवाज समान करणारे, दुरुस्त करणारे फिल्टर बंद. आणि एकदा गायलं की ते कापू नये, तीसच्या तीस आवर्तनं तशीच टाकावीत.